ओस्मोचा फोन वाजतो का?

ओस्मो केत्तुनेन पहिल्यांदा माझ्याकडे आला तेव्हा म्हणाला, "अक्षरं बारीक झालीत." पुढच्या मंगळवारी म्हणाला, "बॅटरी आपोआप पेटते. खिशात उजेड पडतो." त्याच्या पुढच्या मंगळवारी म्हणाला, "घड्याळ मधोमध होतं, ते कोपऱ्यात गेलं." मी इमानेइतबारे अक्षरं मोठी केली, बॅटरी विझवली, घड्याळ ओढून मधे आणलं, आणि या माणसाचं खरं दुखणं काय आहे याचा मला पत्ताही लागला नाही. लागणार कसा? आमच्या भागातल्या माणसाची दाढ दुखत असली तर तो डॉक्टरला आधी गुडघा दाखवतो. दाढेची गोष्ट निघालीच तर निघते दारातून बाहेर पडताना.

मी सातु. लेहतिनिएमीच्या ग्रंथालयात काम करते. पुस्तकं द्यायची, घ्यायची आणि लोकांना गप्प बसवायचं एवढंच काम आहे असं मला नेमताना सांगितलं होतं. गप्प बसवायची तर फिनलंडात कधी वेळच येत नाही. मग त्या रिकाम्या वेळात मंगळवारची दुपार फोनवाल्यांना देऊन टाकली. गावातले सगळे पेन्शनर आपापला फोन छातीशी धरून माझ्यासमोर रांगेत बसतात, दवाखान्यात बसावं तसे.

आणि या साऱ्याचं मूळ म्हणजे अपडेट. कुठेतरी दूर कुणी पोरगेलासा माणूस बटण दाबतो आणि इथे तळ्याकाठच्या घराघरात फोन पालटतो. सकाळी उठून चमच्यांचा खण उघडावा आणि आत मोजे निघावेत, तसं. वर तो फोनच म्हणतो, 'आता सगळं आणखी सोपं!' सोपं म्हणे. त्या बटण दाबणाऱ्याला एका मंगळवारी माझ्या खुर्चीत बसवला पाहिजे, पाणीसुद्धा न देता.

तर ओस्मो. उभं आयुष्य त्याने रस्त्यावरचा बर्फ ढकलणारा ट्रक चालवला. पहाटे आम्ही झोपेत असायचो तेव्हा त्याचा पिवळा दिवा खिडकीवरून फिरत जायचा. दुसरे चालक रस्ता साफ करतात आणि ढकललेला सगळा ढिगारा लोकांच्या फाटकासमोर लोटून जातात, मग तुम्ही बसा फावडं घेऊन. ओस्मो प्रत्येक फाटकापाशी ट्रकचं पातं जरासं वळवायचा. फाटक मोकळं राहायचं. गावात कुणी त्याबद्दल त्याला कधी धन्यवाद दिले नाहीत, आणि दिले असते तर बिचारा लाजून आठवडाभर घराबाहेर पडला नसता. तो निवृत्त झाला आणि पहिल्याच हिवाळ्यात आमच्या फाटकाशी कंबरेएवढा बर्फ साचला, तेव्हा आम्हाला ओस्मो कळला.

हा अबोल माणूस नाचायचा मात्र असा की बघत राहावं. त्याची बायको आइला आणि तो दर उन्हाळ्यात तळ्याच्या टोकावरच्या नाचमंडपात यायचे. आइला गेली आणि त्याचं नाचणंही गेलं. कितीतरी उन्हाळे मंडपातून अकॉर्डियन वाजलं की ओस्मो घराची खिडकी लावून घ्यायचा. शेवटी या वर्षी त्याच्या शेजाऱ्याने, रेयोने, त्याला ओढून नेलं. रेयो म्हणजे आमच्या गावाच्या वाट्याची सगळी बडबड एकट्याने करणारा माणूस.

मंडपाचे नियम गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतात. एका बाजूला पुरुष उभे, समोर बायका. वर दिव्याची पाटी. पाटीवर पुरुषांचा डाव असला की पुरुषांनी जाऊन विचारायचं, बायकांचा असला की बायकांनी. विचारलं की नाही म्हणायचं नाही, समोरच्याच्या तोंडाला कसलाही वास येवो. दोन गाणी नाचायची, आभार मानायचे, आणि बाईला आणलं तिथेच नेऊन सोडायचं. जागेवर न सोडता लगेच तिसरं गाणंही कुणी त्याच जोडीदाराबरोबर नाचलं तर समजायचं की सोमवारी सगळ्या गावात कॉफीबरोबर तोच विषय आहे.

जुलैतल्या एका रविवारी दुपारी बायकांचा डाव लागला आणि शेजारच्या गावची इर्मेली थेट ओस्मोसमोर येऊन उभी राहिली. इर्मेलीने दातांच्या दवाखान्यात नोकरी केलेली, तिलाही नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. दोन गाणी झाली. ओस्मोने तिला जागेवर सोडलं. मग पुरुषांच्या डावात हा पुन्हा तिच्याकडेच गेला. मग दोघांनी टपरीवर कॉफी आणि वेलदोड्याचा गोड पाव घेतला. ओस्मोच्या मानाने हे म्हणजे लग्नाची बोलणीच.

निघताना इर्मेली म्हणाली, "मी व्हासाला बहिणीकडे चाललेय, दोन रविवारांनी परत येईन. आले की फोन करते. नंबर सांग."

त्याने सांगितला. तिने घेतला. तिचा नंबर मात्र याने विचारला नाही. बाईमाणसाने आपण होऊन दिला नाही, मग कसा मागायचा? हे मी तुम्हाला आत्ता हसत सांगतेय, पण त्याच्या जागी आमच्या गावातला कुणीही असता तरी त्याने तेच केलं असतं.

घरी आला तर फोन विचारत होता, 'नवीन अपडेट तयार आहे. आता करू की रात्री?' हा प्रश्न तो फोन कित्येक दिवस विचारत होता आणि ओस्मो कित्येक दिवस नको म्हणत होता. पण त्या दिवशी ओस्मोला कुणी काहीही विचारलं असतं तरी तो हो म्हणाला असता. हो म्हणाला.

हे मला नंतर कळलेलं. माझ्यापुढे फक्त बारीक अक्षरं आणि खिशातला उजेड होता.

घड्याळाची तक्रार झाली त्याच्या पुढच्या मंगळवारी तो पुन्हा आला. टेबलावर फोन ठेवला, टोपी हातात फिरवली आणि दाराकडे जाता जाता म्हणाला, "वाजतो का, ते जरा बघशील?"

"काय वाजतो का?"

"फोन. कुणी केला तर."

"कुणी करणार आहे का?"

"तसं काही नाही."

मी समोरच्या टेबलावरून ग्रंथालयाच्या फोनवरून त्याचा नंबर फिरवला. त्याचा फोन असा खणखणला की मासिकं वाचणारे दोघे दचकले.

"वाजतोय की चांगला," मी म्हटलं.

माणसाला चांगली बातमी दिली की त्याचा चेहरा खुलतो. ओस्मोचा पडला. तो म्हणाला, "हां. म्हणजे फोन ठीक आहे." टोपी घातली आणि गेला. त्यानंतरच्या मंगळवारी तो आलाच नाही. मला वाटलं, चला, एकाची तरी ब्याद टळली.

त्याच आठवड्यात रेयो पुस्तक परत करायला आला. रेयो पुस्तकं वाचत नाही, परत करायला मिळावीत म्हणून नेतो. टेबलावर कोपर टेकून सुरू झाला.

"तो आमचा खांब, ओस्मो, बघितलास का? येत नाही म्हणतो. हंगामाचा शेवटचा नाच या रविवारी, आणि हा घरी बसून भिंत बघणार!"

"का?"

"का म्हणजे? त्या इर्मेलीने फोन करते म्हणून सांगितलं होतं, केला नाही. त्याच्या सौनात वाफ घेतानासुद्धा फोन घेऊन बसायचा गं. मी म्हटलं, अरे वितळेल. तर बाहेर पायरीवर ठेवला, टॉवेलात गुंडाळून, आणि दार उघडं! ऑगस्टच्या गार रात्री! माझी सगळी वाफ गेली."

"मग आता?"

"आता काय. म्हणतो, सातुने तपासला, फोन ठीक आहे. म्हणजे तिलाच नको असणार."

म्हणजे तो घड्याळासाठी आला नव्हता, उजेडासाठी आला नव्हता. आणि त्याला नाही म्हणून सांगितलं ते इर्मेलीने नव्हे, मी, ग्रंथालयाच्या फोनवरून. पण फोन तर वाजला होता. माझ्या कानांनी ऐकला होता.

याचा उलगडा शुक्रवारी झाला, आणि तोही एका रागावलेल्या बाईमुळे. मंगळवारपर्यंत थांबायची तिची तयारी नव्हती. आरोग्य केंद्रातून तिला फोन येणार होता, आला नाही, आणि तिकडचे म्हणतात आम्ही केला. मी तिचा फोन उलटापालटा केला. सेटिंगच्या आत खोल, एका खोलीतल्या दुसऱ्या खोलीत, एक चालू बटण सापडलं. ज्यांचं नाव फोनमध्ये साठवलेलं नाही त्यांचे फोन वाजू द्यायचे नाहीत. अपडेटने आपल्या मनाने लावून दिलेलं. विकणाऱ्यांचा त्रास होऊ नये म्हणून, काळजीपोटी!

ग्रंथालयाचा नंबर ओस्मोच्या फोनमध्ये नावासकट होता. वसंतात मीच साठवून दिला होता. म्हणून तर मी केलेला वाजला. इर्मेलीचा नंबर त्याच्याकडे कुठे होता?

मी त्या बाईचं बटण बंद केलं, दाराला कुलूप घातलं आणि सायकल काढली. आमच्याकडे न कळवता कुणाच्या दारात जाणं म्हणजे आग लागली असेल तरच. ओस्मोने दार उघडलं आणि आधी माझ्या मागे धूर दिसतोय का ते पाहिलं.

"फोन दे," मी म्हटलं.

"कॉफी घेतेस?"

"आधी फोन दे, ओस्मो."

त्याने फोन दिला आणि कॉफी ठेवलीच. मी त्या दुसऱ्या खोलीत शिरले. बटण चालू. शेजारीच, नव्या जागी लपवलेले, न वाजलेले सगळे फोन. वीज विकणारे, मासिकं विकणारे, दर महिन्याला मोजे पाठवणारे. सगळ्यांनी दिवसातून दोनदोनदा केलेले, चिकाटीने. आणि त्यांच्यामध्ये एक नंबर. एकदाच. रविवारी, कॉफीच्या वेळेला.

"ही बघ," मी म्हटलं.

"हा विकणारा असेल."

"विकणारा एकदा करून थांबतो का? एकदा करून थांबतो तो आपल्यातला माणूस."

ओस्मोने चष्मा लावला. तारीख बघितली. मग खुर्चीवर बसला, किटलीत कॉफी उकळतेय हे विसरून.

"व्हासाहून आली त्याच दिवशी," तो म्हणाला. बराच वेळ त्या नंबराकडे बघत राहिला. इतका आनंद एका चेहऱ्यावर इतक्या गपचूप मी कधी पाहिला नव्हता. मग तो आनंद हळूहळू उतरला. "म्हणजे तिने केला, आणि मी उचलला नाही."

"तुला कळलाच नाही! वाजलाच नाही!"

"तिला काय माहीत? तिने एकदा केला. मी उचलला नाही. उलट केलाही नाही. तुझ्या बाबतीत असं झालं असतं तर तू काय समजली असतीस?"

मीही तेच समजले असते. आमच्यात सभ्य माणसाचा नकार असाच असतो, आणि दुसऱ्यांदा फोन करणं म्हणजे गळ्यात पडणं.

"मग आता कर. आत्ता. माझ्यासमोर."

"आणि काय सांगू? फोन बिघडला होता?"

"अरे खरंच बिघडला होता!"

"सगळे तेच सांगतात," ओस्मो म्हणाला.

एवढं बोलून त्याने कॉफी ओतली. मला त्या किटलीसकट त्याला तळ्यात ढकलावंसं वाटत होतं, पण माणूस खोटं बोलत नव्हता. फोन बिघडला होता हे जगातलं सगळ्यात जुनं निमित्त आहे.

"बरं. मग रविवारी मंडपात ये," मी म्हटलं. "शेवटचा नाच ती चुकवत नाही, रेयो सांगत होता. पुरुषांच्या डावात सरळ जाऊन विचार."

"विचारलं तर तिला नाही म्हणता येणार नाही."

"मग तेच तर हवंय ना!"

"नाही," तो म्हणाला. "नाही म्हणता आलं पाहिजे. नाहीतर मला कसं कळणार?"

फाटकापाशी पातं वळवणारा माणूस आहे हा, मला आठवलं. मी भांडले नाही. ते बटण बंद केलं, तो नंबर 'इर्मेली' म्हणून साठवला, आणि त्याची कॉफी प्याले. कडू झाली होती.

रविवारी ऊन छान पडलं होतं. मंडप भरलेला, सॉसेज भाजल्याचा वास, बर्चची पानं नुकती पिवळी व्हायला लागलेली. मी नाचत नाही, माझे गुडघे कधीचेच निवृत्त झालेत. मी कठड्याला टेकून उभी राहिले. ओस्मो आला होता. इस्त्रीचा शर्ट, ओले विंचरलेले केस. इर्मेलीही आली होती. पिवळा स्वेटर, हातात छोटी पर्स. दोघं समोरासमोरच उभी, मधे फक्त लाकडी फरशी. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मग मुद्दाम बँडकडे.

पुरुषांचा डाव लागला. ओस्मो हलला नाही. "जा ना, खांबा!" रेयो त्याच्या बरगडीत कोपर खुपसत म्हणाला. खांब हलला नाही. इर्मेलीला दुसऱ्याच कुणी विचारलं.

बायकांचा डाव लागला. इर्मेली निघाली. सरळ आमच्या दिशेने फरशी ओलांडून आली. ती ओस्मोच्या समोरून पुढे गेली आणि रेयोसमोर थांबली. रेयोचा चेहरा पोलिसांनी पकडल्यासारखा झाला. पण नाही म्हणता येत नाही. ती त्याला घेऊन गेली. ओस्मो फरशीकडे बघत उभा राहिला आणि मला त्याच्याकडे बघवेना.

दोन गाण्यांनंतर रेयो घाम पुसत परत आला.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, आज पाऊस पडणार नाही बहुतेक."

"आणि तू?"

"मी म्हटलं, नाही पडणार."

"जन्मभर तोंड चालवलंस आणि आज..."

"याने मला शपथ घातलीय!" रेयो ओस्मोकडे बोट दाखवून ओरडला. "म्हणाला, फोनबद्दल एक शब्द बोललास तर सौना बंद. मी काय करू?"

मग आणखी एक पुरुषांचा डाव गेला. मग माइकवरून सांगितलं की यानंतर शेवटचा, बायकांचा. बँडवाले वाद्यं खाली ठेवून पाणी प्याले. मंडप शांत झाला. आमच्या लोकांना अशी शांतता अजिबात टोचत नाही, सगळे तिच्यात आरामात उभे होते.

ओस्मोने खिशातून फोन काढला.

"काय करतोयस?" मी कुजबुजले.

"फोनला नाही म्हणता येतं," तो म्हणाला, आणि त्याने बटण दाबून फोन कानाला लावला.

समोर, पिवळ्या स्वेटरपाशी, पर्समध्ये कोकिळा ओरडायला लागली. सगळ्यांनी तिकडे पाहिलं. इर्मेलीने घाईघाईने पर्स उघडली, फोन काढला, नाव बघितलं. मग मान वर केली. फरशीच्या या बाजूला एक म्हातारा फोन कानाला लावून सरळ उभा होता, हिवाळ्यात रस्त्याकडे बघावं तसा तिच्याकडे बघत. कोकिळा ओरडतच होती. इर्मेलीने फोन उचलला नाही. तो तसाच पर्समध्ये टाकला आणि पर्स मिटली.

रेयोने डोळे मिटून घेतले. ओस्मोने मान हलवली, अगदी थोडी. समजलं, अशी. मला मोठ्याने रडावंसं वाटलं.

तेवढ्यात पाटी बदलली. बायकांचा डाव. इर्मेलीने पर्स शेजारणीच्या हातात दिली आणि फरशीवर पाऊल ठेवलं. या वेळी ती कुणासमोरून पुढे गेली नाही.

"तेव्हा तू उचलला नाहीस, आज मी नाही उचलला," ती ओस्मोसमोर उभी राहून म्हणाली. "फिटंफाट."

ओस्मोच्या कानाला फोन तसाच होता. "ते अपडेट..." तो सुरू झाला.

"बायकांचा डाव आहे," इर्मेली म्हणाली. "येतोस का?"

त्याने फोन माझ्या हातात कोंबला. पर्समधली कोकिळा अजून ओरडत होती. मी ओस्मोचा फोन बंद करायला गेले तर पडद्यावर आलं, 'नवीन अपडेट तयार आहे. आता करू की रात्री?' मी नकोवर असा अंगठा दाबला की काच फुटली नाही हेच नशीब.

वॉल्ट्झ सुरू झाला. ओस्मो नाचत होता आणि मंडपातल्या सगळ्या बायका बघत होत्या. पहिलं गाणं संपलं, दुसरं संपलं. जोड्या सुटायला लागल्या, पुरुष बायकांना त्यांच्या त्यांच्या जागेवर सोडून येऊ लागले.

ओस्मोने इर्मेलीला जागेवर सोडलं नाही.